आशीर्वादातला रफार

आमच्या घरात एक नियम आहे. कॉम्प्युटर रोज अर्धा तास चालू ठेवायचा. काम असो वा नसो. कामशेतची हवाच अशी, की चार महिने चपलेलाही बुरशी येते, मग यंत्राचं काय घेऊन बसलात. नियम माझ्या बायकोचा. ‘‘न्हाईतर ओल धरतं वो ते,’’ ती म्हणायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. मी रोज दुपारी जेवण झाल्यावर तो डेस्कटॉप सुरू करतो, समोर खुर्ची ओढून बसतो आणि अर्ध्या तासानं बंद करतो. मधल्या वेळात काय करतो? काही नाही. पडद्याकडे बघतो. मला त्यातलं फारसं काही येत नव्हतं, शिकायची गरजही कधी पडली नव्हती. यंत्र तिचं होतं.

ती घरी बसून लग्नपत्रिका टाइप करून द्यायची. मी बेडसे गावाजवळच्या शाळेत मास्तर. मुलगी कॉलेजात गेली आणि हिनं एक दिवस जाहीर केलं, ‘‘मी कम्प्युटर शिकती.’’ मी हसलो होतो. सातवी शिकलेली, इंदुरीच्या शेतकऱ्याची मुलगी, आणि कॉम्प्युटर! पण सहा महिन्यांत तिनं शिकून दाखवलं, हा पांढरा डेस्कटॉप घेतला आणि कीबोर्डावर मराठी अक्षरांच्या बारीक चिठ्ठ्या चिकटवल्या. मग आजूबाजूच्या गावांतले लोक यायला लागले. लग्न, वास्तुशांत, जागरण गोंधळ, दशक्रिया. कागदावर खरडून आणलेला मजकूर ती छापखान्यात देण्यासारखा करून द्यायची.

आमची कामाची पद्धत ठरलेली होती. ती टेबलाशी, मी शेजारी दुसऱ्या खुर्चीत, हातात मजकुराचा कागद. मी वाचायचो, ती टाइप करायची. ओळ संपली की ती मान न वळवता म्हणायची, ‘‘पुढं.’’ मी पुढची ओळ सांगायचो. पत्रिकेत नावं किती असतात ते तुम्हाला सांगायला नको. निमंत्रक, प्रेषक, समस्त भावकी, सगळे मामा, सगळ्या आत्या. एक चुलता राहिला तर मांडवात रुसवा. एकदा एका नवऱ्यामुलाच्या आजोळचं गाव राहिलं, तर मंडळी जीप करून घरी भांडायला आली होती. म्हणून मी प्रत्येक शब्द दोनदा सांगायचो आणि ती तो एकदाच ऐकायची.

आणि तरी एक शब्द तिला यायचा नाही. आशीर्वाद. प्रत्येक पत्रिकेत असतोच तो. ‘वधूवरांस शुभ आशीर्वाद देण्यास अगत्य येण्याचे करावे.’ ही दर वेळी लिहिणार, ‘आर्शिवाद’. माझं डोकं फिरायचं! मी खुर्ची पुढे ओढायचो, पडद्यावर बोट ठेवायचो आणि सुरू व्हायचो. ‘‘अगं, तोंडानं म्हणून बघ. शी, मग र्, मग वा. र् वाच्या आधी येतो, म्हणून रफार वाच्या डोक्यावर. शीच्या नाही. आणि शी दीर्घ. कितीदा सांगायचं?’’ ती शांतपणे ऐकायची. ‘‘असं व्हय,’’ म्हणायची. दुरुस्त करायची. पुढच्या पत्रिकेत पुन्हा आर्शिवाद. पंधरा वर्षं! माझ्या वर्गातल्या ढ पोरालाही पंधरा वर्षांत आला असता तो शब्द. हे मी तिला तोंडावर बोलून दाखवलेलं आहे. आता लिहिताना लाज वाटते, पण बोललो आहे.

ती गेली आणि पत्रिकाही गेल्या. तशा त्या आधीच कमी झाल्या होत्या. लोक मोबाइलवरच फुलंबिलं लावून आमंत्रण करतात. पण नियम मी पाळला.

तर यंदा पावसाळा संपता संपता त्या यंत्रानं घरघरायला सुरुवात केली. बटण दाबलं की आतला पंखा दम लागल्यासारखा ओरडायचा. कधी सुरू व्हायचं, कधी नुसता काळा पडदा. मी पाठीवर दोन थापा मारल्या की चालायचं. एक दिवस चार थापांनीही चाललं नाही आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी चाललं. मी लगेच मुलीला फोन केला. ती बंगळुरूला असते, दर रविवारी फोन करते. मी बुधवारी केला म्हणून ती घाबरलीच.

‘‘बाबा, त्याला अपडेट येणं बंद होऊन जमाना झाला,’’ ती म्हणाली. ‘‘आता नवा घ्या. आणि आधी आईच्या फाइली पेनड्राइव्हवर काढून ठेवा. ते कधीही बंद पडेल.’’

फोनवर तिनं एकेक पायरी सांगितली आणि मी शाळकरी पोरासारखा माउस हलवत राहिलो. फाइलींना बायकोनं गावांची नावं दिली होती, इंग्रजी अक्षरांत. इंदुरी लग्न. बेगडेवाडी वास्तू. बेडसे जागरण. अशा शेकड्यांनी. आणि सगळ्यांच्या खाली एक, ‘गुरुजी’. सगळं गाव मला गुरुजी म्हणायचं, तीही म्हणायची. मला वाटलं, माझ्या निवृत्तीच्या समारंभाची पत्रिका असेल. उघडली. पत्रिका नव्हती. वर लिहिलं होतं, ‘गुरुजी झोपल्यात. लाइट हाय. आज मी माझ्या मनाचं टाइप करती.’

मी फाइल बंद केली. मुलीला काही बोललो नाही. फोन ठेवला आणि यंत्रही बंद केलं.

तुम्ही म्हणाल, वाचलं का नाही? नाही वाचलं. पानं किती आहेत तेवढं खाली दिसलं होतं, अकरा. दोन वर्षांत तिचं नवं असं काही मला मिळालं नव्हतं. तिच्या साड्या तेवढ्याच, तिचे फोटो तेवढेच, तिच्याबद्दल लोक सांगतात त्या गोष्टीही त्याच त्या. आणि आता ही अकरा पानं. वाचली असती तर तीही संपली असती. शिल्लक होती तोवर ती मला काहीतरी सांगायची बाकी होती. फाइली पेनड्राइव्हवर उतरल्या होत्या, पण यंत्र बंद पडलं तर त्या उघडायच्या कशावर? असा माझा जीव टांगणीला लागला.

मग डेस्कटॉप का लॅपटॉप, हा घोळ सुरू झाला. एका जुन्या पत्रिकेच्या चुकलेल्या प्रतीच्या पाठीवर मी मधोमध रेघ मारली. इकडे डेस्कटॉप, तिकडे लॅपटॉप. फायदे निळ्या शाईनं, तोटे लाल. मास्तरकी अंगातून जात नाही. डेस्कटॉपचा पडदा मोठा, माझ्या डोळ्यांना बरा. एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. कीबोर्डाचा टकटक आवाज येतो, हे मी फायद्यात लिहिलं. ज्याच्या घरात दिवसभर कसलाच आवाज नसतो त्याला कळेल. तोटा म्हणजे वीज. आमच्याकडे वीज जाते ती पाहुण्यासारखी, केव्हा परतेल सांगत नाही, आणि टेबलाखालची यूपीएसची बॅटरी कोकलायला लागते.

लॅपटॉप विजेशिवाय चार-पाच तास चालतो. मुलीशी बोलताना तोंड दिसतं, कॅमेरा आतच असतो. पण एक काही बिघडलं की सगळाच दुकानात. कळा चपट्या, आवाज नाही. आणि कुठेही नेता येतो हा म्हणे त्याचा सगळ्यांत मोठा फायदा. मी कुठे नेणार? स्वयंपाकघरात? मांडीवर घ्यायचा असतो म्हणे. बरोबर आहे, मांडीवर घ्यायला या घरात दुसरं आहे कोण!

दोन आठवडे तो कागद टेबलावर होता. रोज एखादी ओळ वाढायची. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटायचं. बऱ्याच दिवसांनी कशावर तरी वाद घालत होतो, भले स्वतःशीच का होईना.

शेवटी लोणावळ्याला गेलो. मुलीनं मोबाइलवर एक दुकान शोधून दिलं होतं. दुकानाच्या पाटीवर ‘दुरूस्ती’ असं लिहिलेलं. रु दीर्घ! आत जाऊन मी आधी तेच सांगितलं. दुकानदार चाळिशीचा, भला माणूस. हसला. ‘‘सर, पाटी करणाऱ्यानं केलंय ते. बसा. काय दाखवू?’’

त्यानं दोन्ही दाखवले. ‘‘हे बघा, यंदाचे अपडेटेड मॉडेल. डेस्कटॉप आता एवढासा येतो, डब्याएवढा. स्पीडला दोन्ही जबरदस्त. वापर काय आहे तुमचा, सर?’’

वापर काय आहे! काय सांगणार? अर्धा तास समोर बसतो म्हणून? मी म्हणालो, ‘‘मराठी फाइली आहेत जुन्या. पत्रिकांच्या.’’ आणि पेनड्राइव्ह पुढे केला. त्यानं नव्या लॅपटॉपला लावला, इंदुरीचं एक लग्न उघडलं. पडद्यावर काय आलं म्हणता? इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा, उलटे स्वल्पविराम. नवरा नाही, नवरी नाही, मुहूर्त नाही. कुणीतरी अक्षरांचं पोतं जमिनीवर ओतावं तसं.

‘‘जुन्या फॉन्टमधलं आहे, सर,’’ तो म्हणाला. ‘‘तो प्रोग्राम असेल तरच मराठी दिसणार. त्या यंत्राच्या मागे अंगठ्याएवढं एक लॉक लावलेलं असेल बघा. ते असल्याशिवाय प्रोग्राम उघडत नाही. आणि ते लावायची जागाच आता कुठल्या मशीनला येत नाही. ना डेस्कटॉपला, ना लॅपटॉपला.’’

हात्तिच्या! म्हणजे दोन आठवडे निळ्या-लाल शाईनं जे तोललं ते सगळं पाण्यात. तिचे शब्द त्या एकाच म्हाताऱ्या यंत्राला वाचता येत होते, आणि ते मरायला टेकलं होतं.

‘‘फाइली माझ्याकडे ठेवून जा,’’ तो म्हणाला. ‘‘जमतील तेवढ्या नव्या अक्षरांत करून देतो. जोडाक्षरं तुटतील थोडी.’’ मी पेनड्राइव्ह काढून खिशात घातला. बायकोचं मनातलं लिहिणं दुकानात ठेवून यायचं? छे. पत्रिका खुशाल तुटू देत, त्या लग्नांतली मुलं आता शाळेत जात असतील. मला ती एकच फाइल हवी होती, आणि ती मी परक्याच्या डोळ्यांना दाखवणार नव्हतो.

लॅपटॉप घेतला. कारण अगदी साधं. घरात टेबल एकच आहे. नवा डेस्कटॉप आणला असता तर जुना उचलावा लागला असता. लॅपटॉप त्याच्या शेजारी मावतो. दुपारी मधे बराच वेळ लोकल नसते, तेव्हा ते खोकं मांडीवर घेऊन मी लोणावळ्याच्या फलाटावर दोन तास बसून होतो. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, ‘‘नातवाला का?’’ मी व्हय म्हणालो. एरवी मी ‘हो’ म्हणतो. तोंडातून ‘व्हय’ कसं आलं कोण जाणे.

घरी आणल्या आणल्या ते यंत्र अपडेट व्हायला बसलं. नवं कोरं, खोक्यातून आत्ता काढलेलं, आणि त्याला अपडेट! कुठल्या काळाचं होतं म्हणे? संध्याकाळपर्यंत पडद्यावर एक गोल फिरत होता आणि मी बघत होतो.

मुलीला आता सांगणं भाग होतं. आईनं काहीतरी लिहून ठेवलंय, म्हटलं. ‘‘किती पानं?’’ तिनं आधी विचारलं. मग म्हणाली, ‘‘बाबा, पडद्याचे फोटो काढा.’’ काढले. फोटोत आडव्या पट्ट्या आणि मधोमध माझं टक्कल. तेव्हा तिनं दुसरा उपाय सांगितला. ‘‘नव्या लॅपटॉपवर तुम्ही नुसतं मराठीत बोला. तो ऐकून लिहितो. आईचं वाचून दाखवा त्याला.’’ इंटरनेटवरून लांबूनच तिनं माझा लॅपटॉप हातात घेतला, पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला, आणि सगळी मांडामांड करून दिली. माइकच्या चित्रावर दाबायचं आणि बोलायचं, इतकंच. ‘‘झालं की मला पाठवा,’’ ती म्हणाली. तिचा आवाज आईसारखा आहे, फोनवर जास्तच.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर जुनं यंत्र सुरू केलं. तिसऱ्या थापेला चाललं. फाइल उघडली. शेजारी लॅपटॉप ठेवला. मी सवयीनं माझ्याच खुर्चीत बसलो होतो, तिची खुर्ची दोन्ही यंत्रांच्या समोर रिकामी. चष्मा लावला आणि सांगायला सुरुवात केली. आता न वाचून चालणार नव्हतं. ओळ संपली की मी थांबायचो. लॅपटॉपला थांबायची गरज नव्हती, त्याचं लिहून कधीच झालेलं असायचं. मीच थांबायचो.

तिनं इंदुरीचं लिहिलं होतं. ‘किल्ल्याच्या बुरजाच्या सावलीत आमी भांडी घासायचो. नदीला पानी आलं की म्हशी आत सोडायचो. मला शाळा लय आवडायची पर पुढं धाडलं न्हाई.’ मी मोठ्यानं तसंच वाचलं. लॅपटॉपवर आलं, ‘आम्ही’. ‘पाणी’. ‘नाही’. त्यानं तिची सगळी ओळ पुण्याची करून टाकली.

माझं डोकं फिरलं. ‘‘आमी!’’ मी ओरडलो. ‘आम्ही’, त्यानं लिहिलं. ‘‘अरे आमी! न्हाई! तिनं न्हाई लिहिलंय!’’ ‘अरे आम्ही नाही तिने नाही लिहिले आहे’, असं काहीतरी त्यानं लिहिलं. मूर्ख कुठलं. आणि मग मी माइक बंद केला. कारण हे मी ओळखत होतो. मी आयुष्यभर हेच केलं. बेडशाच्या पोरांचं केलं आणि घरी येऊन तिचं केलं. ती ‘कुटं’ म्हणाली की मी ‘कुठे’ म्हणायचो. ती ‘लय’ म्हणाली की ‘खूप’. पाहुण्यांसमोरसुद्धा. त्या यंत्राला रागावण्याचा मला काय अधिकार?

मग मी वाचायचो आणि मागाहून एकेक शब्द हातानं बिघडवायचो. बिघडवायचो म्हणजे, जसा होता तसा करायचो. कुठली कळ कुठे ते मला माहीत नव्हतं, एकेका शब्दाला वेळ लागायचा. ‘पाणी’चं ‘पानी’ केलं. ‘नाही’चं ‘न्हाई’. तीस वर्षं लाल शाईनं खोडलेलं सगळं मी एका बोटानं परत लिहीत होतो. दिवसाला एक पान व्हायचं. जुनं यंत्र रोज थापा खाऊन चालायचं. अर्ध्या तासाचे तीन तास झाले होते.

अकराव्या पानावर माझ्याबद्दल होतं. अर्धंच पान. मी आवाज न बदलता वाचायचं ठरवलं.

‘गुरुजी दिवसभर बोलत न्हाईत. शाळेत बोलून दमत्यात. घरी पेपर वाचत्यात, गप बसत्यात. पोरगी लांब गेल्यापासून घर लय मोठं वाटतं. मजकूर सांगताना मी चुकले की मगच माझ्याशी बोलत्यात. आशीर्वाद कसा ल्हियाचा ते मला पयल्याच वर्षी आलतं. पर त्यो शब्द मी दर पत्रिकेत चुकवती. मग गुरुजी खुर्ची पुढं ओढत्यात आन् समजावून सांगत्यात. लय बरं वाटतं.’

तिथे फाइल संपली होती.

मी खुर्ची पुढे ओढली. पडद्याच्या इतक्या जवळ गेलो की अक्षरं फुटून ठिपके दिसायला लागले. आशीर्वाद. शी दीर्घ. रफार वाच्या डोक्यावर. बिनचूक. लॅपटॉपवर पाहिलं, तिथेही बिनचूक. पंधरा वर्षं ती माझ्याकडून चार वाक्यं मिळावीत म्हणून ढ झाली होती, आणि मी तिला ढ म्हणालो होतो. माझ्या शेजारी बसून ती एकटी होती. मी आत्ता आहे तितकी.

दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. तरी मी पडद्यावर बोट ठेवलं आणि तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून सांगितलं. ‘‘अगं, तोंडानं म्हणून बघ. शी, मग र्, मग वा. र् वाच्या आधी येतो, म्हणून रफार वाच्या डोक्यावर.’’ सगळं सांगितलं, सावकाश, न रागावता. माइक चालूच राहिला होता. तिच्या शेवटच्या ओळीखाली लॅपटॉप तेही लिहीत गेला. मी ते खोडलं नाही. ओळ संपली तसा मी सवयीनं थांबलो, तिनं ‘पुढं’ म्हणावं म्हणून.